पीएमई बंद करून साधा कट-ऑफ लावला तर चालेल का? (ग्रोमॅक्स, डीएनए)

खारंपाणी:
नमस्कार मंडळी, ग्रोमॅक्समध्ये (रेणूंच्या हालचालीचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) १२ बेस-पेअरचा डीएनए चालवतोय, पाण्याचा ७ नॅनोमीटरचा क्यूब, २२ सोडियम, सगळे मिळून ३४ हजारच्या आसपास अणू. लॅबमधलं मशीन म्हणजे ४ कोअर आणि एक बऱ्यापैकी जीपीयू. दिवसाला जेमतेम ५० नॅनोसेकंद निघतात आणि लॉगमध्ये सगळा वेळ पीएमई मेशच खातोय (पार्टिकल मेश इवाल्ड, लांबच्या चार्जमधली बलं ग्रिडवर मोजायची पद्धत). सिनियर म्हणाला कूलोंबला (चार्जमधल्या बलाला) १.२ नॅनोमीटरवर कट-ऑफ टाक, त्यापुढचं मोजूच नको, सुसाट पळेल. टाकून बघितलं, पळतंय खरं, पण सोडियम-सोडियमचा आरडीएफ (एकमेकांपासून किती अंतरावर किती सापडतात त्याचा आलेख) काढला तर १.२ च्या जरा पुढे एक टेकाड आलंय जे आधी नव्हतं, हे खरं की माझंच काही चुकतंय?

इवाल्डचा_पंखा:
ते टेकाड खोटं आहे. १.२ च्या आत दोन सोडियम एकमेकांना ढकलतात आणि रेषा ओलांडली की बल एकदम शून्य, मग ते बाहेर येऊन तिथेच ठिय्या देणार ना.
मुळात १/र (र म्हणजे अंतर) फार हळू कमी होतो आणि गोलाचं क्षेत्रफळ र-वर्गाने वाढतं, म्हणून लांबचे सगळे मिळून हिशोबात राहतातच. १.२ नॅनोमीटरवर दोन एकेरी चार्जमधली ऊर्जा ११६ किलोजूल प्रति मोल येते, ३०० केल्विनला केटी (उष्णतेची ऊर्जा) फक्त अडीच. पाणी हे झाकतं म्हणशील, पण पाणी झाकतं तेही लांबच्या रेणूंच्या ओढाताणीतूनच, आणि तीच तू कापलीस. डीएनएच्या बाबतीत तर हे आधीच भोगून झालंय, जुन्या कट-ऑफवाल्या रनमध्ये हेलिक्स बिघडायचा, १९९५ च्या सुमारास पीएमई वापरून तो स्थिर राहायला लागला. सिनियरला सांग.

खारंपाणी:
बरं, कट-ऑफ गेला 😅 पण मग पीएमई नक्की करतं काय, आणि इतकं महाग का?

इवाल्डचा_पंखा:
इवाल्डने १९२१ मध्ये क्रिस्टलसाठी युक्ती काढली. प्रत्येक चार्जवर उलट चार्जचा गाऊशियन ढग चढवायचा, म्हणजे लांबून तो दिसतच नाही आणि जवळच्या जोड्या थेट मोजून भागतं. चढवलेले ढग वजा करायला लागतात, पण ते गुळगुळीत असतात, दुरून डोंगर साजरे म्हणतात तसं, म्हणून थोड्याच फूरिए लाटांत काम होतं. डार्डन, यॉर्क, पेडरसन यांनी १९९३ मध्ये तेच चार्ज ग्रिडवर पसरून एफएफटी (फूरिए लाटा झटपट काढायची रीत) लावली, खर्च एन लॉग एनवर आला (एन म्हणजे अणूंची संख्या). बी-स्प्लाइनवालं रूप १९९५ चं, तू तेच वापरतोयस. एवढ्या सिस्टिमला ते महाग नसावं, एमडीपी (सेटिंगची फाईल) टाक बघू.

खारंपाणी:
पीएमई-ऑर्डर (चार्ज ग्रिडवर पसरायच्या स्प्लाइनची ऑर्डर) ६, फूरिए-स्पेसिंग (ग्रिडच्या बिंदूंमधलं अंतर) ०.०८, आर-कूलोंब (जोड्या थेट मोजायची हद्द) १.२. एमडीपी जुन्या कुणाचीतरी आहे, मी काही बदललं नाही.

जीपीयू_तापला:
अरे इथेच तर घोळ आहे!! ग्रोमॅक्समध्ये जीपीयूवरचा पीएमई फक्त ऑर्डर ४ ला चालतो, ६ दिलास की तो गुपचूप सीपीयूवर जातो आणि तुझे ४ कोअर घाम गाळत बसतात, जीपीयू नुसता वाट बघतो. शिवाय ०.०८ म्हणजे दर बाजूला ८८ बिंदू, एकूण पावणेसात लाख, ०.१२ ला ६० चा ग्रिड पुरतो म्हणजे सव्वादोन लाखही नाहीत. ऑर्डर ४, स्पेसिंग ०.१२ कर, ते डिफॉल्टच आहेत, आणि एमडीरनला (सिम्युलेशन चालवणारी कमांड) पीएमई-जीपीयू स्पष्ट सांग, म्हणजे जमत नसेल तर तो एरर देऊन थांबेल. आर-कूलोंबला हात लावू नकोस, एमडीरन सुरुवातीला स्वतःच कट-ऑफ आणि ग्रिड जोडीने सरकवून बघतो.

पुणेकर_बहुध्रुव:
एक शंका, ग्रीनगार्ड-रोखलिनचा फास्ट मल्टिपोल (लांबचे चार्ज गटागटाने मोजायची रीत) १९८७ पासून आहे, खर्च सरळ एनच्या प्रमाणात, मग सगळे एफएफटीलाच का चिकटून?

जीपीयू_तापला:
कारण एनच्या पुढचा गुणक दांडगा आहे, ३४ हजार अणूंना लॉग एन काय खाणार? गंमत हजारो नोड लागतात तिथे आहे, एफएफटीत प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावं लागतं आणि नेटवर्क गुदमरतं, तिथे मल्टिपोलला जोर येतो. एका कार्डावर नाही.

खारंपाणी:
झालं! १८० च्या वर गेलं आणि टेकाडही गायब. सिनियरला आरडीएफ पाठवलाय, ब्लू टिक आलीय, उत्तर नाही.