आईला हाडांचं इंजेक्शन द्यायचंय पण दोन दाढा काढायच्या राहिल्यात, आधी काय करावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आई ६८ ची, आई-आप्पा तासगावला भावाजवळ असतात, मी पुण्यात. गेल्या महिन्यात मोरीत भांडी विसळून उठताना आई घसरली, उजवं मनगट मोडलं. मिरजेला नेलं, प्लास्टरसाठी हातातल्या बांगड्या वाढवाव्या लागल्या, दुखण्यापेक्षा तिला त्याचंच जास्त लागलं. डॉक्टर म्हणाले एवढ्याशा पडण्यानं हाड मोडायला नको, डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) करा. खुब्याचा टी-स्कोअर आला -३.१. म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच (हाडं ठिसूळ होणं), -२.५ पासून खाली तसंच धरतात.

आईचं म्हणणं, "शेवाळावरनं पडले, हाडाचा काय संबंध?" (शेवाळ होतं हे खरंय, त्यावरून वहिनीचं न् तिचं वेगळंच महाभारत झालं.) तिची पिशवी ३९ व्या वर्षी काढलीय, बीजकोशांसकट. त्यानं हाडं लवकर ठिसूळ होतात हे तेव्हा कुणी बोललंच नाही.

डॉक्टरांनी आधी आठवड्याची गोळी सांगितली, अॅलेंड्रोनेट ७०. उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहापण नाही. आईला डोळे उघडले की चहा लागतो आणि पित्त जुनं, त्यामुळं ते बादच. मग एकतर वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अॅसिडचं सलाईन नाहीतर दर ६ महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन. आमचं सलाईनचं ठरत आलेलं, तेवढ्यात चुलतभावानं ग्रुपवर टाकलं की यानं जबडा सडतो. आईच्या दोन दाढा किडल्यात, काढायला सांगितल्यात. आता ती म्हणते हात बरा झाला, बास. कुणाच्या घरी असं झालंय का? दाढा आधी की सलाईन आधी?

प्रतिसाद १:
दाढा आधी. माझ्या सासूबाईंचं असंच होतं, दाढ काढली, जखम पूर्ण भरू दिली, मगच सलाईन. जबड्याचा त्रास होऊ शकतो हे खोटं नाही, पण हाडांसाठी जो डोस देतात त्यात तो क्वचितच होतो, कॅन्सरच्या पेशंटला तेच औषध मोठ्या डोसात वरचेवर देतात तिथं जास्त. दातवाल्या डॉक्टरांना सलाईनचं आधीच सांगा. आणि त्याआधी कॅल्शियम, डी आणि क्रिएटिनीन तपासून घ्या, किडनी कमजोर असेल तर हे सलाईन देत नाहीत. पहिल्या वेळी दोन दिवस ताप आणि अंगदुखी आलेली, पॅरासिटामॉलवर गेली.

प्रतिसाद २:
डेनोसुमॅब घेणार असाल तर तारीख चुकवायची नाही, मध्येच बंद केलं की मणके दबून मोडायची भीती असते. थांबवायचं झालं तर डॉक्टर त्याऐवजी दुसरं औषध सुरू करतात.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे. तारखा सांभाळणं आमच्या भावाला जमणार नाही, त्यामुळं सलाईनच. मिरजेच्या डॉक्टरांना फोन केला, तेपण दाढा आधी म्हणाले, सोमवारी जायचंय. आई तयार झालीय, पण येताना बांगड्या भरून आणायच्या या बोलीवर.