कॅश: पेटी की नाणं?

ऑफिसातली तमिळ मैत्रीण ठासून सांगते, ‘कॅश’ हा मुळात आमचा ‘कासु’. कोशात मात्र फ्रेंच व्युत्पत्ती दिसते. खरं कुणाचं?

– दोघांचंही. इंग्रजीत ‘कॅश’ दोन आहेत. आपण एटीएममधून काढतो ती कॅश लॅटिन ‘काप्सा’च्या वंशातली. काप्सा म्हणजे पेटी. इटालियनमध्ये तिची ‘कास्सा’ झाली, फ्रेंचमध्ये ‘केस’. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ पैशाची पेटी असाही होता. पुढे पेटी गेली, आतला पैसा राहिला. आपल्या ‘गल्ल्या’चं बघा: ‘गल्ल्यावर कोण बसलंय?’ इथे पेटी, ‘आज गल्ला किती झाला?’ इथे पैसे. आपण दोन्ही अर्थ ठेवले, इंग्रजांनी एक टाकला.

मैत्रिणीचा कॅश वेगळा. तमिळ ‘कासु’ हे छोटं नाणं. त्याचा संबंध संस्कृत ‘कर्ष’ या वजनाशी लावतात. पोर्तुगिजांनी त्याचं ‘काइशा’ केलं (त्यांच्याकडे पेटीलाही काइशाच म्हणतात, म्हणजे घोळ तिथूनच!) आणि इंग्रजांनी कॅश. मद्रासेत 80 कॅशचा एक फनम, 42 फनमांचा एक पगोडा असा हिशेब चाले. ईस्ट इंडिया कंपनीची ही तांब्याची नाणी घेऊन निघालेलं ‘ॲडमिरल गार्डनर’ जहाज 1809 च्या जानेवारीत इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच बुडालं. त्यातून वर काढलेल्या 1808 च्या 20 कॅशच्या नाण्यावर एका बाजूला कंपनीचे सिंह, दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर: ‘बीस्त कास चहार फलूस अस्त’, म्हणजे वीस कास बरोबर चार फलूस. ‘कास’ लिहिलंय, ‘कॅश’ नाही. तिला हे नाणं दाखवा.

मधे चौकोनी भोक असलेल्या चिनी नाण्यांनाही इंग्रज कॅशच म्हणत. तोही हाच, पेटीवाला नव्हे.

– आणि लष्करातून बडतर्फ झालेला अधिकारी ‘कॅशिअर्ड’ होतो, तो?

– त्याचा पैशाशी संबंध नाही. लॅटिनमधल्या रद्द करण्याच्या क्रियापदावरून तो आलाय. बँकेतला कॅशिअर मात्र पेटीवालाच. फोनमधली ‘कॅश क्लिअर करा’ ही आणखी तिसरीच, फ्रेंचमधल्या ‘लपवणे’वरून आलेली.

– मग सरळ ‘रोख’ का म्हणू नये?

– म्हणा की. फक्त ‘रोखा’ म्हणू नका. रोख म्हणजे पैसे हातात, रोखा म्हणजे कागद हातात.