मास इफेक्टचे पहिले नऊ तास: गोळ्या कमी, बोलणं जास्त, आणि मला तेच आवडलंय

खाडीकाठ (मालवण)
सेलमध्ये मास इफेक्ट या अंतराळातल्या व्हिडिओ गेमची लेजंडरी एडिशन घेतली, 2021 ची, तिन्ही भाग एकत्र असलेली. पहिला भाग मूळचा 2007 चा, तो चालू केलाय. डाऊनलोड शंभर जीबीच्या वर, आमच्याकडच्या नेटवर तीन रात्री गेल्या. शेपर्ड, म्हणजे आपण खेळतो तो सैनिक (पुरुष किंवा बाई, आपण निवडायचं), इन्फिल्ट्रेटर घेतलाय, म्हणजे स्नायपर पण आणि टेकचं पण थोडंफार. ईडन प्राइम या ग्रहावर गेथ नावाच्या यंत्रांशी मस्त मारामारी झाली, मग सिटाडेल या मोठ्या अंतराळ स्थानकावर पोचलो आणि तिथून चार तास मी नुसता फिरतोय, दिसेल त्याच्याशी बोलतोय. चुलतभाऊ मागे बसून विचारतो, अरे मारायला कधी सुरुवात करणार?
पण तिथे एम्बसीच्या भागात समेश भाटिया म्हणून एक माणूस उभा असतो. त्याची बायको निराली सैन्यात, माझी साथीदार ॲशली हिच्याच युनिटमधली, ईडन प्राइमवर मारली गेली. त्याला फक्त तिची बॉडी परत हवीय, अंत्यसंस्कारासाठी. आणि सैन्य देत नाही, कारण गेथच्या हत्याराने नक्की काय इजा होते ते त्यांना तपासायचंय. मी अधिकाऱ्याशी भांडून बॉडी द्यायला लावली. आमच्या वाडीत बोट उलटली तेव्हा एका खलाशाची बॉडी सहाव्या दिवशी लागली, तोवर त्या घरात चूल पेटली नव्हती, शेजारचे डबे नेऊन देत होते. ते घर डोळ्यासमोर आलं. कुठल्याही शूटरमध्ये मला असं झालं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच की आधी हे बोलणं झालं म्हणून नंतर गोळी झाडताना काहीतरी वाटतं.

दापोलीचा शूटर
नाही पटलं. बोलायला माझी ना नाही, पण शूटर म्हणून विकताय तर शूटिंग नीट द्या ना. बंदूक तापते आणि थंड होईपर्यंत तू खोक्यामागे बसून राहायचं, शत्रू सरळ अंगावर धावत येतात, साथीदार दारातच अडकून मार खातात. मी बागेतून सातला घरी येतो, नऊला जेवण, मधले दोन तास माझे. त्यात एक संध्याकाळ नुसत्या गप्पांत गेली तर दुसऱ्या दिवशी परत लावावासा वाटत नाही. सरळ 2010 चा दुसरा भाग घे, आडोसा घेणं (कव्हर) चांगलं आहे, बंदूक तापायची भानगड नाही, गोळ्या गोळा करायच्या आणि मारायचं. पहिल्याची गोष्ट व्हिडिओत बघ.

काजूबोंडू
मेल्या, दुसऱ्या भागापासून सुरू केलंस तर तो शेपर्ड तुझो कसो? पयल्या भागात तू जां जां ठरवतंस तां सेव्हमधून फुडे जाता, तिसऱ्या भागापर्यंत. कोणाक वाचवलंस, कोणाक सोडलंस, सगळां. नायतर तां बहुतेक गेमच ठरवता. व्हिडिओ बघून तुझो निर्णय होता काय?

वेंगुर्ल्याची
बोलणं हवंच या बाजूने मी पण आहे, पण एक खटकतं ते सांगते. बोलताना स्क्रीनवर उत्तरांचं चाक येतं, त्यावर दोन-तीन शब्द दिसतात, आपण ते निवडतो आणि शेपर्ड तोंडाने भलतंच बोलते. मी साधा प्रश्न विचारायला गेले तर समोरच्याला धमकीच दिली. एवढं बोलण्यावर उभं केलंय तर मी काय बोलणार ते आधी पूर्ण दिसायला नको का? फीमेल शेपर्ड मात्र नक्की घ्या, जेनिफर हेलचा आवाज आहे, थकलेली बाई थकलेलीच ऐकू येते.
आणि भाटियाचं म्हणशील तर मी उलट केलं. बॉडी ठेवू द्या असं समेशला समजावलं. तिच्या जखमा बघून चिलखत सुधारलं तर उद्या दुसऱ्या कुणाची बायको वाचेल. मी स्वतः हॉस्पिटलात काम करते, पोस्टमार्टमला नातेवाईक नाही म्हणतात ते रोज बघते, त्यांचं दुःख कळतं तरीपण ते करावंच लागतं.

दापोलीचा शूटर
बरं, सेव्हचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. पण मॅकोचं काय? सहा चाकांची गाडी, उभा डोंगर, बेडकासारखी उड्या मारत चढते. पुढे प्रत्येक ग्रहावर हेच आहे, नऊ तासांत तू तिथवर आला नसशील.

खाडीकाठ (मालवण)
एका ग्रहावर उतरलोय. उड्या मारते खरी, पण वर पोचल्यावर एकदम मोकळं आकाश आणि गाडीचा आवाज सोडून काही नाही, मी पाच मिनिटं तसाच थांबलो होतो. शूटिंगचं तुझं बरोबर आहे, ते मधलंच आहे, स्नायपर सोडला तर बंदुकीत वजन जाणवत नाही. आणि ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी आपण होऊन सेव्ह करत जा, ऑटोसेव्हवर राहू नका, परवा पावसात लाईट गेली आणि माझी चाळीस मिनिटं गेली.
वेंगुर्ल्याच्या ताई, तुमचं डोक्याला पटतं. पण त्या अधिकाऱ्याने समेशला कधी परत देणार ते धड सांगितलंच नव्हतं. तारीख दिली असती तर मी पण कदाचित थांबा म्हटलं असतं. तसाच ताटकळत ठेवलेला माणूस मला बघवला नाही. जुनी सेव्ह लोड करून दुसरा पर्याय बघणार नाही, जे केलं ते केलं. आज थेरम ग्रहावर जातोय, लिआरा नावाच्या संशोधक बाईला शोधायला.

वेंगुर्ल्याची
तारखेचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी मी ठेवू द्या असंच म्हणेन, पण तारीख घेऊन.