सीपीएल फिल्टर ‘पैशाची नासाडी’ म्हणणाऱ्यांना उत्तर

रावपुरा_टॉवर
काल आपल्या बडोद्याच्या फोटो फोरमवर एकाने ठोकून दिलं : “सीपीएल म्हणजे पैशाची नासाडी. आकाश निळं करायला एडिटिंगमध्ये स्लायडर आहे. दुकानदार लेन्सबरोबर गळ्यात मारतात, घेऊ नका.” खाली अंगठ्यांची रांग. त्यातले कितीतरी जण पहिलाच कॅमेरा घेतलेले आहेत, म्हणून राहवलं नाही.

सीपीएल म्हणजे सर्क्युलर पोलरायझर, लेन्सपुढे लावून फिरवायची, चकाकी कापणारी काच. आकाश हा तिचा सगळ्यात किरकोळ उपयोग आहे. पावसाळ्यात पावागडच्या वाटेवरची ओली पानं बघा. प्रत्येक पानावर पांढऱ्या आभाळाचा पापुद्रा बसलेला असतो. फिल्टर हळूहळू फिरवा, एका जागी तो पापुद्रा निघून जातो आणि पानाच्या शिरा दिसायला लागतात. तेच एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) ओढून करायला जाल तर पांढरं पांढरंच राहतं, कारण तिथे पानाचा रंग त्या चकाकीखाली बुडालेला असतो. एआय तिथे भरेल ते त्याच्या मनातलं पान. ढगाळ दिवशी आकाशावर फिल्टरचा काही परिणाम होत नाही हे खरं, पण ओल्या पानावरून, दगडावरून उसळलेला प्रकाश ध्रुवित होतोच, म्हणजे एकाच दिशेत कंप पावतो, आणि तोच हा फिल्टर अडवतो. म्हणजे ज्या दिवशी लोक फिल्टर घरी ठेवून निघतात, त्याच दिवशी तो सर्वात जास्त कामाचा.

१९२१ साली बोटीवरून प्रवास करताना सी. व्ही. रामन यांनी निकोल प्रिझममधून (तोही एक पोलरायझरच) समुद्राकडे पाहिलं. पृष्ठभागावरचं आकाशाचं प्रतिबिंब त्यांनी त्या प्रिझमने मारलं आणि तरीही निळा रंग शिल्लक राहिला. समुद्राचा निळेपणा नुसता आकाशाकडून उसना घेतलेला नाही, हे त्यातून कळलं. तुमच्या लेन्सपुढची काच तेच काम करते. तिला नासाडी म्हणू नका.

लहेरीपुरा_क्लिक
ते वाक्य माझं आहे, नाव घेऊन लिहायचं होतं. मी लग्नं शूट करतो, पोट त्यावर आहे. माझ्या असिस्टंटने सकाळी बाहेर कपल शूटला सीपीएल लावला आणि काढायचा विसरला. हॉलमध्ये वरमाला सुरू, आणि आम्ही जवळजवळ दोन स्टॉप, म्हणजे पाऊण उजेड फुकट घालवत उभे. सगळे फोटो दाणेदार. मुलीच्या वडिलांना रामन सांगू का?

शिवाय पहिला कॅमेरा घेणाऱ्यांकडे बऱ्याचदा जुनी किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणारी) असते. फोकस झाला की तिचा पुढचा भाग फिरतो, लावलेला फिल्टरही फिरतो. वाईड लेन्सवर आकाशात मधोमध गडद पट्टा येतो. आणि मला एका दुकानात जो दिला होता तो इतका पिवळा मारायचा की प्रत्येक नवरी हळदीतली वाटायची. हे कोण सांगणार नवख्यांना?

रावपुरा_टॉवर
मीच सांगतो. आकाशावर सर्वात जास्त परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर होतो. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताणा आणि मनगट फिरवा. अंगठा जिथून जिथून जातो तिथे आकाश गडद होणार. २४ मिमीच्या खाली तो पट्टा फ्रेममध्ये दिसतोच, तेव्हा आकाश कमी घ्या किंवा फिल्टर अर्धाच फिरवा. फिरणारी लेन्स असेल तर आधी फोकस, मग फिल्टर. असिस्टंट विसरला हा फिल्टरचा दोष कसा?

फिल्टर चांगला की वाईट हे मात्र दुकानातच तपासता येतं. दुकानातला एलसीडी मॉनिटर पांढरा करायला सांगा. फिल्टरची लेन्सला बसणारी आट्यांची बाजू डोळ्याकडे धरून त्यातून मॉनिटर बघा आणि रिंग फिरवा. एका जागी पडदा जवळपास काळा व्हायला हवा. काळ्याऐवजी जांभळा दिसला, किंवा कडेला एक रंग आणि मध्ये दुसरा दिसला, तर परत द्या. उलटा धरलात तर नुसता रंग बदलेल, काळोख येणार नाही. सर्क्युलर फिल्टरमध्ये मागे क्वार्टर-वेव्ह थर (ध्रुवित प्रकाशाची कंपनदिशा गोल फिरती करणारा) असतो, त्यामुळे तसं होतं. त्याला खराब समजू नका.

वढवाणा_पहाट
आमच्या पक्षीवाल्यांचंही ऐका. हिवाळ्यात वढवाणा तलावावर पट्टकादंब उतरतात. पहाटे १/२००० सेकंदाचा शटर स्पीड मिळवताना जीव जातो. सीपीएल लावला की १/५०० वर येतो आणि पंख हलतात. एकाला तिथे सहाशे मिमीच्या लेन्सवर सीपीएल लावून बसलेला पाहिलं. माझा सूर्य वर येईपर्यंतचा वेळ त्याला समजावण्यात गेला! रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाल्यापासून गर्दी वाढलीय, आणि त्यात असले.

रावपुरा_टॉवर
उडत्या पक्ष्याला सीपीएल लावा असं मी कुठे म्हटलंय?

मधुमालती_अलकापुरी
मला आकाशाशी देणंघेणं नाही, पण विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरी सासऱ्यांच्या आजोबांचा काचेच्या फ्रेममधला फोटो आहे, आणि शेजारी पणजोबांचं तैलचित्र. घर विकायचं चाललंय, त्याआधी दोन्हींच्या नीट प्रती करायच्या आहेत. भावजींनी हाच फिल्टर आणून दिला. फोटोत काचेवर मी आणि माझी खिडकी दिसतेच. कितीही फिरवला तरी जात नाही. म्हणून मला तर पैशाची नासाडीच वाटली.

लहेरीपुरा_क्लिक
घ्या. ताईंनी एका वाक्यात निकाल लावला.

रावपुरा_टॉवर
ताई, समोरून सरळ घेतलेल्या फोटोत काचेतलं प्रतिबिंब कुठलाच पोलरायझर काढत नाही, कितीही महाग घ्या. प्रकाश तिरका आदळला तरच ध्रुवित होतो. काचेसाठी तो कोन लंबापासून साधारण ५६ अंश, पाण्यासाठी ५३. तेवढं तिरकं उभं राहिलात तर चमक जाईल, पण फ्रेम वाकडी येईल. तुम्हाला इथे फिल्टर नको, काळी चादर हवी. चादरीला मधोमध लेन्सपुरतं भोक पाडा आणि कॅमेरा तिच्यामागे ठेवा. खिडकीचा पडदा लावा, दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर.

वढवाणा_पहाट
काच काढूनच घ्या ना सरळ.

मधुमालती_अलकापुरी
काढायची नाही. फोटो काचेला चिकटलाय, एका कोपऱ्यात पापुद्रा उठतोय. काकूंच्या फ्रेमची काच एका फ्रेमवाल्याने ओढून काढली आणि अर्धा चेहरा काचेबरोबर गेला. फोटोला हात लावणार नाही, हे घरात ठरलंय.

रावपुरा_टॉवर
अगदी बरोबर ठरलंय. ओढू देऊ नका कुणालाही.

तैलचित्राचं मात्र वेगळं आहे, आणि तिथे हा फिल्टर सोनं आहे. वार्निशवर, रंगाच्या प्रत्येक उंचवट्यावर दिव्याचा पांढरा ठिपका बसतो. दोन्ही दिव्यांपुढे पोलरायझिंग शीट लावा, दोन्हींची दिशा एकच ठेवा (शीट दिव्याला टेकवू नका, तापून वितळते), आणि लेन्सवरचा सीपीएल ठिपके नाहीसे होईपर्यंत फिरवा. खोलीत दुसरा उजेड नको. उजेड फार कमी होईल, म्हणून ट्रायपॉडवर लांब एक्स्पोजर.

दांडियाबाजार_मनोहर
एवढी मेहनत करून चित्र मेलेलं येतं. मी केलंय. ब्रशचा फटका दिसायला थोडी चमक लागतेच. जरीचा काठ रंगवणाऱ्याने तिथे रंग मुद्दाम जाड ठेवलेला असतो, तो सपाट पुठ्ठ्यासारखा दिसतो. आपल्या जुन्या तांबेकर वाड्यातली भिंतीवरची चित्रं बघून या. भिंतीचा पोत गेला तर उरतं काय? तुम्ही लोक चकाकी म्हणजे शत्रू समजता.

रावपुरा_टॉवर
पूर्ण मारावी असं नाही. दोन फोटो घ्या, एक फिल्टर पूर्ण फिरवून रंगासाठी, दुसरा थोडी चमक ठेवून पोतासाठी. आणि तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं मध्ये आणू नका. तिथे दिवे लावायचे तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल, आपण घरातल्या चित्राबद्दल बोलतोय.

दांडियाबाजार_मनोहर
दोन फोटो घेणार असाल तर हरकत नाही. पण आधी तसं लिहायला हवं होतं. सुरसागर तलावातल्या महादेवाच्या मूर्तीचे फोटो बघतो मी इथे, पाणी काळंकुट्ट आणि मूर्तीचं प्रतिबिंब गायब! ते प्रतिबिंब बघायलाच तर लोक संध्याकाळी तिथे उभे राहतात. सीपीएलवाल्यांनी ते पुसून टाकलं.

रावपुरा_टॉवर
कठड्यावरून जवळचं पाणी पाहता तेव्हा पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन होतो. तिथे प्रतिबिंब जातं. लांबच्या पाण्याकडे नजर सपाट जाते, तिथलं बरंचसं राहतं. मूर्तीवरचा सोनेरी मुलामा तर धातूच आहे, त्याची झळाळी पोलरायझरने जात नाही. प्रतिबिंब हवं असेल तर रिंग ९० अंश उलट फिरवा. ती रिंग फिरवायलाच दिलेली आहे.

निझामपुरा_नवखा
काका, माझ्याकडे किट लेन्स ५५ मिमी थ्रेडची (पुढच्या आट्यांचा व्यास) आणि टेली ६७ ची. मग दोन फिल्टर घ्यायचे का? दुकानदार म्हणाला युव्ही (लेन्सच्या रक्षणासाठी लावतात तो साधा फिल्टर) सुद्धा घे, सीपीएल त्यावरच बसतो.

रावपुरा_टॉवर
एकच घे, ६७ चा. ५५ वर ५५-६७ ची स्टेप-अप रिंग (लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लाव, ती थोडक्या पैशांत मिळते. हूड मात्र बसणार नाही, ऊन बाजूने येत असेल तर हाताने आडोसा कर. पुढे ७७ ची लेन्स घ्यायची नक्की असेल तर आत्ताच ७७ चा घे. मल्टिकोटेड बघ, फ्रेम पितळेची असेल तर उत्तम, अॅल्युमिनियमची कधीकधी अडकून बसते. युव्हीवर चढवू नकोस, काचा वाढतील आणि वाईडला कोपरे काळे होतील.

वढवाणा_पहाट
युव्ही काढ म्हणता? माझी लेन्स खडकावर पडली तेव्हा युव्ही फुटला, लेन्स वाचली. यावर स्वतंत्र धागा काढा, मी येतो.

लहेरीपुरा_क्लिक
नवख्याला एकच सांगतो, हॉलमध्ये शिरताना काढ. बाकी मॉनिटरवाली तपासणी आज माझ्याकडच्या तिन्ही फिल्टरवर केली. दोन जांभळे निघाले. तिसरा काळा झाला, तो बॅगेत ठेवलाय. ‘फेका’ असं मी लिहिलं नव्हतं, ‘घेऊ नका’ लिहिलं होतं. आता ‘तपासल्याशिवाय घेऊ नका’ असं वाचा. याच्यापुढे मी जाणार नाही.

मधुमालती_अलकापुरी
शीट बडोद्यात कुठे मिळेल? चादर शिवायला टाकली आहे.