लघुग्रह एकदा सापडला की परत हरवतो कसा?

निशाचर: मंडळी, एक बेसिक शंका आहे. 878 मिल्ड्रेड या लघुग्रहाबद्दल वाचत होतो, मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातलाच आहे, अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतून 1916 ला सापडला आणि नंतर जो गायब झाला तो थेट 1991 ला मिळाला. फोटो होता, जागा माहीत होती, मग हरवला कसा? पट्टा सोडून थोडाच जाणारे?

कक्षावेडा: पट्टा सोडत नाही हो, पण पट्ट्यात नेमका कुठंय तेच कळत नाही. फोटोतून फक्त दिशा मिळते, अंतर नाही. थोड्याच रात्रींच्या नोंदी असल्या तर त्यांच्यावर कितीतरी वेगवेगळ्या लंबवर्तुळाकार कक्षा बसतात. आता हिशोब करा, 4 वर्षांची फेरी आहे आणि तुमचा आकडा 1 टक्क्यानेच चुकलाय, तरी 10 फेऱ्यांनंतर तो 36 अंश पुढे नाहीतर मागे! एवढ्या आभाळात एक अंधुक ठिपका कुठे शोधणार?

ध्रुवतारा: सेरेस या लघुग्रहाचं अगदी हेच झालेलं. पियाझ्झी या खगोलशास्त्रज्ञाला तो 1 जानेवारी 1801 ला पालेर्मोत दिसला, 11 फेब्रुवारीपर्यंतच नोंदी झाल्या, मग सूर्याच्या उजेडात गेला. बाकीच्यांनी गणित सोपं व्हावं म्हणून कक्षा वर्तुळाकार वगैरे धरली, 24 वर्षांच्या गाऊस या गणितज्ञाने तसं काही गृहीत न धरता तेवढ्याच नोंदींवरून लंबवर्तुळ काढलं, आणि 31 डिसेंबरला फॉन झाख या खगोलशास्त्रज्ञाला तो त्या गणिताच्या जवळच सापडला. मला तर पहिल्यांदा दिसण्यापेक्षा हा दुसरा शोध मोठा वाटतो.

निशाचर: 36 अंशांवरून डोक्यात प्रकाश पडला, धन्यवाद! मग आता नवीन सापडतात ते हरवत नाहीत का?

रात्रपाळी: हरवतात की. मी हौस म्हणून आकाशाच्या सर्व्हेच्या इमेजेस तपासतो, आकाशातल्या एकाच जागेच्या चार इमेजेस एकामागून एक बघायच्या, तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा ठिपका एका रेषेत सारख्या अंतराने सरकतो, एकाच इमेजमध्ये उमटला तर तो लघुग्रह नव्हे, कॉस्मिक रे (कॅमेऱ्यावर आदळलेला अवकाशातला कण) वगैरे असतो. पण असा ठिपका मिळाला तरी आधी तात्पुरतं नाव मिळतं, कायमचा नंबर कक्षा पक्की झाल्यावरच. त्यासाठी सहसा तीन-चार प्रतियुतींच्या (म्हणजे तो पृथ्वीवरून सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला दिसतो त्या वेळांच्या) नोंदी लागतात आणि पट्ट्यातल्यांची प्रतियुती साधारण सव्वा-दीड वर्षाने येते, म्हणजे काही वर्षं गेलीच. मात्र कक्षा चांगली बसली की उलटं मागे जाता येतं, जुन्या फोटोच्या काचेच्या प्लेटवर अमुक रात्री तो कुठे असायला हवा ते काढायचं, आणि बऱ्याचदा तिथे तो ठिपका खरंच असतो, तेव्हा कुणी ओळखलेलाच नसतो.