केमोनंतर मिस्टर अचानक ॲडमिट झालेत, भेटायला येणाऱ्यांना कसं थांबवू?

नमस्कार, मी सोलापूरची. उपचाराबद्दल शंका नाही, डॉक्टर चांगले आहेत. अडचण घरच्या आणि भावकीतल्या माणसांची आहे आणि मला काय करावं कळंना झालंय, म्हणून इथं लिहितेय.

मिस्टरांना लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर आहे, दर 21 दिवसांनी केमो असते. यावेळी केमो होऊन आठवडा उलटला आणि संध्याकाळी एकदम थंडी वाजून आली, थर्मामीटर लावला तर 101. डॉक्टरांनी आधीच बजावून ठेवलेलं की 100.4 च्या वर गेलं की दिवस असो रात्र असो सरळ कॅज्युअल्टीला यायचं, क्रोसिन देऊन ताप दाबायचा नाही, सकाळपर्यंत थांबायचं नाही. म्हणून फाइल घेतली, रिक्षा केली आणि तसेच निघालो. तिथं लगेच रक्त कल्चरला, म्हणजे त्यात जंतू आहेत का बघायला पाठवलं आणि रिपोर्ट यायच्या आधीच सलाईनमधून अँटिबायोटिक चालू केलं. मग काउंट आला, न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी 500 च्या पण खाली. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत या पेशी सगळ्यात कमी होतात म्हणे. डॉक्टरांनी समजावलं की अशा वेळी पू नाही, सूज नाही, बाहेरून काहीच दिसत नाही, कारण ते करणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात, नुसता ताप तेवढा दिसतो. हे ऐकल्यापासून माझी झोप उडालीय.

आणि लोक यायलेतच ओ. हे चादरीच्या कारखान्यात होते, तिथली माणसं, गल्लीतली, मोहोळहून चुलत सासरे, सगळी मायेनं येतात हे मला समजतं. पण कुणी शिंकतंय, कुणी लहान पोर घेऊन आलंय, कुणी बसस्टँडवरनं थेट येऊन कॉटवर बसतंय आणि हात हातात घेतंय. एका काकूंनी अंगारा आणला आणि बोटानं ह्यांच्या तोंडात घालायला निघाल्या, तोंडात आधीच फोड आलेत. मी हळूच अडवलं तर म्हणाल्या, कॅन्सर काय लागणीचा रोग आहे का, आम्हाला का लांब ठेवतेस? अहो आपल्याला त्यांच्यापासून काही होत नाही, त्यांना आपल्यापासून होतं, हे किती वेळा सांगायचं. त्यात बसून गोष्टी कुणाच्या सांगतात तर अमक्याला असंच झालेलं आणि तो गेला. हे ऐकून घेतात, मान हलवतात, आणि माणसं गेली की भिंतीकडं तोंड करून पडतात. माझ्याशी पण बोलत नाहीत. "तू घरी जा, पोरांच्या परीक्षा आहेत" एवढंच. सून म्हणून मी थोरल्यांना येऊ नका म्हटलं तर कायमचं मनात धरतील, आणि गप्प बसावं तर जीव ह्यांचा जातोय. कुणी ह्यातनं गेलं असेल तर सांगा, नेमकं काय बोललात? आणि ह्यांना बोलतं कसं करू?

प्रतिसाद:
ताई, आधी हे सांगतो, वेळेत नेलंत, ते सगळ्यात महत्त्वाचं होतं. माझ्या बायकोच्या वेळी सेम झालेलं. नाही म्हणायचं काम तुम्ही करूच नका. डॉक्टरांना सांगा, भेटायला बंदी असं केसपेपरवर लिहा आणि दारावर कागद लावा. सिस्टरना सांगून ठेवा, त्या बरोबर अडवतात आणि त्यांचा राग कुणी धरत नाही. दुसरं म्हणजे सासरचाच एक माणूस पुढं करा, दीर असतील तर दीर, सगळ्यांना फोन तोच करेल. आपल्याकडं सुनेचं ऐकत नाहीत ते मुलाचं ऐकतात, बरोबर नाही पण आत्ता वाद घालायची वेळ नाही. आणि नुसतं येऊ नका म्हटलं की माणसं दुखावतात, त्यांना काम द्या. एकानं पोरांचा डबा बघावा, एकानं शाळेतनं आणावं, तरुण पोरांची नावं नि रक्तगट लिहून ठेवा, प्लेटलेट लागल्या तर धावपळ होत नाही. अंगारा पुडीतच उशाशी ठेवा, कुणी नाराज होत नाही.

ते बोलत नाहीत तर बोलू नका. नुसतं बसा. माझी बायको रात्री दोन-अडीचला बोलायची, आणि पहिला प्रश्न बिलाचा असायचा. तुमच्या ह्यांच्या पण डोक्यात तेच असेल बघा. महात्मा फुले योजनेत केमो चालू असेल तर हे ॲडमिशन त्यात बसतं का हे आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, आजच विचारा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, नाहीतर 155388 ला फोन करा. जे कळेल ते त्यांना आकड्यासकट सांगा.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. दीरांशी बोलले, त्यांनी भावकीच्या ग्रुपवर स्वतः मेसेज टाकला आणि मोहोळच्या काकांना फोन पण केला. काका म्हणाले मग मी घरी पोरांपाशी येऊन राहतो. कागद दाराला लागला. रात्री बिलाचं मीच काढलं, आरोग्यमित्र काय म्हणाले ते सगळं सांगितलं, तर उठून बसले आणि कारखान्यातनं किती येणं आहे, कुणाला उसने दिलेत ते सगळं मला लिहून घ्यायला लावलं. बऱ्याच दिवसांनी इतकं बोलले. ताप अजून येतोय पण कमी आहे, काउंट वाढायची इंजेक्शनं चालू आहेत.

एक राहिलं. घरी नेल्यावर पाण्याचं काय करू? आमच्याकडं नळ रोज येत नाही, पिंपात साठवलेलंच वापरतो.

प्रतिसाद:
त्यांचं पाणी वेगळं काढा. खळखळून उकळायचं, झाकून गार करायचं, त्याच दिवसाचं त्याच दिवशी संपवायचं. तोटीचं भांडं घ्या म्हणजे कुणाचा पेला आत बुडणार नाही. चूळ भरायला आणि दात घासायला पण तेच द्या, हे लोक विसरतात. कच्ची कोशिंबीर, बाहेरची चटणी, उसाचा रस सध्या बंद. काउंट वर आल्यावर डॉक्टरांना विचारून मग एकेक चालू करा.