एइकाइवाला जाणारा जपानी माणूस बावळट नाही

ओसाकाची_अनू

पिंपळपान यांचा परवाचा लेख वाचला आणि दोन दिवस तो डोक्यातून जात नाही. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: जपानी माणूस वर्षानुवर्षं एइकाइवाला, म्हणजे इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या खाजगी क्लासला, जातो, लाखो येन ओततो आणि 'हाऊ आर यू'च्या पुढे सरकत नाही. साखळी क्लासवाले लुटारू, जाणारे बावळट. आपण मराठी शाळांतून फुकटात इंग्रजी शिकलो, मग यांचंच घोडं कुठे अडतं? तिथे दोन ओळींचा प्रतिसाद देऊन भागणार नव्हतं, म्हणून वेगळा धागा.

मी ओसाकाजवळच्या एका साखळी क्लासमध्ये सहा वर्षं शिकवलं. नाव घेणार नाही. 'लुटारू' या शब्दावर माझी तक्रार नाही. त्यातली थोडी लूट माझ्याच हातून झाली आहे. मार्च आणि जुलैत प्रत्येक शिक्षकाला आकडा ठरवून दिलेला असायचा, इतक्या जणांना उन्हाळी वर्ग आणि सीडीचा संच घ्यायला लावायचाच. "तुमचं बोलणं सुधारलंय, पण ऐकणं मागे पडलंय" हे वाक्य आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. समोर कोणीही बसलेलं असो, वाक्य तेच.

पण बावळट? नोवा या क्लासच्या साखळीचंच बघा. 1981 ला ओसाकात सुरुवात, 'एकीमाए र्युगाकु' म्हणजे स्टेशनसमोरच परदेशातलं शिक्षण, टीव्हीवर तो गुलाबी ससा. 2007 च्या ऑक्टोबरात सगळं कोसळलं तेव्हा सुमारे चार हजार परदेशी शिक्षक आणि तीन लाखांवर विद्यार्थी अडकले. तिथे शिकवणं वाईट होतं म्हणून हे झालं नाही. आगाऊ पॉइंट, म्हणजे धड्यांची कुपनं, विकण्यामुळे झालं. एकदम 600 घेतले तर एक पॉइंट 1,200 येनला, कमी घेतले तर महाग. मध्येच सोडायला गेलात की वापरलेले पॉइंट त्या महाग दराने मोजायचे आणि उरलेलं परत करायचं. त्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं, जूनमध्ये अर्थव्यवस्था, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने एका वर्षाहून लांब मुदतीचे नवे करार सहा महिने बंद केले, आणि मग पैसे परत मागणाऱ्यांची रीघ लागली. नव्या माणसाच्या पैशावर जुना धडा चालत होता. नवा माणूस यायचा थांबला आणि गल्ल्यात काही नव्हतं.

आणि हेही लक्षात घ्या, 1998 च्या शेवटी सरकारने नोकरदारांसाठी शिक्षण अनुदान सुरू केलं तेव्हा फीच्या 80 टक्के रक्कम परत मिळायची. एइकाइवाही त्यात बसत होतं. 2003 मध्ये ते 40 टक्क्यांवर आणलं. सरकारचा शिक्का बघून ज्याने पैसे भरले, तो बावळट कसा?

माझी गुरुवारची दहा चाळीसची विद्यार्थिनी सत्तरीची होती, जन्म औषधाच्या दुकानात गेलेला. शाळेत सहा वर्षं इंग्रजी, पण सगळं व्याकरण आणि भाषांतर, तोंडातून शब्द काढायची वेळच आली नव्हती. काचेच्या त्या एवढ्याशा खोलीत ती आधी वहीत वाक्य लिहायची, खोडायची, खोडरबराचा चुरा तळहातावर गोळा करून रुमालात बांधायची आणि मग वाक्य बोलायची. तिच्या क्लासच्या सातव्या वर्षी एकदा दारातच उभी राहून म्हणाली, काल एक परदेशी आई ताप आलेलं मूल घेऊन दुकानात आली होती. मग हिने तिला विचारलं, "हाऊ ओल्ड? हाऊ मेनी किलोज?" आणि औषध दिलं. तिचे हात थरथरत होते. या बाईला कोणी बावळट म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

पिंपळपान

लेख माझा आहे, शब्दही माझा आहे, आणि तुमच्या उदाहरणाने तो पक्काच होतो. सात वर्षं! दर आठवड्याला पैसे भरून सात वर्षांनी "हाऊ मेनी किलोज"? मी अंबरनाथच्या नगरपालिका शाळेतला. पाचवीला एबीसीडी गिरवली. बारावीनंतर इंजिनिअरिंगची पुस्तकं इंग्रजीतून वाचत होतो. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी चार लाखांचा कोर्स घेऊन बसलाय आणि सिंगापूरच्या मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. ईएफ या भाषाशिक्षण कंपनीच्या 2024 च्या इंग्रजीच्या क्रमवारीत 116 देशांत जपान 92 वा आहे. एवढे क्लास असून 92 वा. आता याला काय म्हणायचं?

शेंदूर

मी इथल्या दवाखान्याच्या औषध विभागात आहे, म्हणून फक्त एका गोष्टीवर लिहितो. मुलाला तापाचं औषध देताना वजन विचारायचंच असतं, मात्रा किलोवर ठरते. त्या बाईंनी अगदी नेमका प्रश्न विचारला. पिंपळपान, तुम्हाला यात हसण्यासारखं काय दिसलं?

पिंपळपान

हसलो नाही. सात वर्षांचा हिशोब मांडला.

ओसाकाची_अनू

हिशोबच करायचा तर दोन्ही बाजूंचा करा. ती ईएफची परीक्षा इंटरनेटवर ज्याला द्यायची तो देतो, देशाची शिरगणती नव्हे ती. आणि तुम्ही शिकलात, कारण इंजिनिअरिंगची पुस्तकं इंग्रजीत होती, दुसरा रस्ताच नव्हता. इथे डॉक्टरकी, वकिली, पीएचडीसुद्धा जपानीत होते. इंग्रजीवाचून कुणाची चूल पेटायची थांबत नाही. ज्याला गरज नाही तो हौसेने, धीर गोळा करून शिकायला येतो, त्याला तुम्ही आपल्या मापाने मोजता.

आणि 'फुकटात' म्हणू नका. माझा सख्खा भाऊ दहावीला गणितात 150 पैकी 118 आणि इंग्रजीत दोनदा नापास. तो एसटीच्या वर्कशॉपला लागला, आणि आजही घरी इंग्रजी पत्र आलं की तो उठून दुसऱ्या खोलीत जातो. आपल्याकडे जे पार झाले तेच लेख लिहितात. माझ्या भावाने कुठे लिहायचं?

केळफूल

अवांतर आहे, पण इतकी वर्षं मनात साठलंय ते इथेच लिहिते. मी टोकियोत निशी-कासाईला 14 वर्षं राहते. इंग्रजी साहित्यात एमए, नाशिकला कॉलेजात आठ वर्षं शिकवलं. इथे तीन साखळ्यांकडे अर्ज केला. एकीच्या बाई फोनवर खूश होत्या, उच्चार स्वच्छ आहेत म्हणाल्या. प्रत्यक्ष गेले तर माझ्याकडे बघून दोन क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्या पालकांची अपेक्षा जरा वेगळी असते." त्याच आठवड्यात भूगर्भशास्त्राची पदवी घेतलेला ऑस्ट्रेलियाचा बावीस वर्षांचा मुलगा तिथे लागला. व्हिसाला कोणत्याही विषयाची पदवी चालते. शिकवायचा अनुभव लागतच नाही.

आणि हेच पालक टोकियोच्याच कोतो भागात 2004 ला निघालेल्या भारतीय शाळेत मुलं घालायला धडपडत होते! आपलं गणित चालतं, आपलं इंग्रजी चालत नाही.

पिंपळपान

गिऱ्हाईक पैसे देतं, गिऱ्हाईक निवडतं. उच्चार अमेरिकन हवा असेल तर त्याचा तो हक्क आहे. यात अन्याय कुठला?

केळफूल

उच्चार ऐकून नाकारलं असतं तर गप्प बसले असते. उच्चार ऐकून घेतलं होतं, चेहरा बघून नाकारलं. वाचताना डोळे मिटून घेता का तुम्ही?

जुना_कंत्राटी

केळफूलताई, रागावू नका, पण ज्या नोकरीसाठी एवढं वाईट वाटून घेताय ती आतून बघा. मी नागोयाला दुसऱ्या एका साखळीत चार वर्षं काढली. आठवड्याला साडेएकोणतीस तास, कारण तेव्हा तीस झाले तर कंपनीला आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाचा भार उचलावा लागायचा. धड्यांच्या मधली दहा मिनिटं फाइल लिहिण्यात जायची, त्यांचे पैसे नाहीत. नोवा बुडाली तेव्हा तर त्या गोऱ्या पोरांच्या पगारातून घरभाडं कापलं जात होतं आणि घरमालकापर्यंत पोचत नव्हतं. दारावर जागा सोडण्याच्या चिठ्ठ्या. ओसाकात युनियनने जेवणाच्या बदल्यात धडे सुरू केले, विद्यार्थ्याने शिकायला यायचं आणि शिक्षकाला जेवू घालायचं. अशा नोकरीचा हेवा कशाला करायचा?

केळफूल

हेवा? दादा, तुम्हाला त्या दारातून आत घेतलं आणि आत गेल्यावर छळलं. तुमचा छळ खरा आहे. पण मला दारातच अडवलं, आणि आत गेलेला माणूस मला सांगतो की आत काही नव्हतं. आठ वर्षांचा अनुभव असलेली बाई इथे कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, ओनिगिरीची (भाताच्या मुटक्यांची) फळी लावत होती. हे तुम्हाला हेव्यासारखं वाटत असेल तर आपण बोलायलाच नको.

जुना_कंत्राटी

चुकलो. हेवा हा शब्द नको होता.

शेंदूर

धागा भरकटतोय. मूळ प्रश्न आगाऊ पैशांचा होता.

केळफूल

भरकटत नाहीये. 'नेटिव्ह', म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणारा, हा शब्द विकून तर ते पैसे आगाऊ घेतले जातात. स्टेशनवरच्या पोस्टरवर धडा कसा असेल ते नसतं, सोनेरी केसांचा फोटो असतो. आणि तो हट्ट किती पक्का असतो तेही बघा. 2007 मध्ये रेअरजॉब हा ऑनलाइन क्लास आला, 2013 मध्ये डीएमएम, पंचवीस मिनिटांचा धडा, शिकवणारे बरेचसे फिलिपिन्सचे, दर अगदी कमी. हेच जपानी विद्यार्थी हजारोंनी तिकडे गेले आणि फिलिपिनो बाईंकडून आनंदाने शिकतात. म्हणजे 'पालकांची अपेक्षा' ही क्लासवाल्यांनी पालकांच्या तोंडी घातलेली गोष्ट होती.

पिंपळपान

हा ऑनलाइनचा मुद्दा मला सुचला नव्हता. एवढं मान्य करतो. पण त्याने माझं म्हणणं मोडत नाही. स्वस्तात तेच मिळत असताना अजूनही स्टेशनसमोर जाऊन लाख लाख भरणारे आहेतच ना?

गोदाकाठ

पुण्यात जपानी शिकवते, वीस वर्षं झाली. इथे बोट दाखवण्याआधी आपल्या गल्लीत बघावं म्हणून लिहिते. मी आधी ज्या संस्थेत होते तिथे बॅचची सगळी फी पहिल्या दिवशी घ्यायचे, चौथ्या आठवड्यात मूल सोडून गेलं तर एक रुपया परत नाही. आणि बॅनरवर मोठ्या अक्षरात 'जपानी सेन्सेई स्वतः शिकवणार'. ते सेन्सेई म्हणजे नवऱ्याच्या बदलीमुळे आलेल्या एक बाई, बिचाऱ्यांना 'वा' आणि 'गा' या जपानी प्रत्ययांमधला फरक सांगता यायचा नाही. मी सांगायचे, पण बॅनरवर फोटो त्यांचा. केळफूल, तुमचं दुःख मला माझ्याच गावात बसून कळतं.

ओसाकाची_अनू

गोदाकाठ, इथे निदान कायदा आहे. भाषेच्या क्लासचा करार दोन महिन्यांहून लांब आणि पन्नास हजार येनवर असेल तर कागद हातात पडल्यापासून आठ दिवसांत विनाअट रद्द करता येतो. नंतरही कधीही सोडता येतो, कारण सांगावं लागत नाही. वर्ग सुरू झाल्यावर सोडलं तर झालेल्या धड्यांच्या पैशांखेरीज क्लासने कापायची जास्तीत जास्त रक्कम पन्नास हजार येन किंवा उरलेल्या रकमेच्या 20 टक्के, यातली जी कमी असेल ती.

सहा वर्षांत मी हे एकाही विद्यार्थ्याला सांगितलं नाही. करारात छापलेलं असायचं, लाल चौकटीत, आणि मी पान उलटून सहीची जागा दाखवायचे. त्या औषधाच्या दुकानातल्या बाईंनाही मी सीडीचा संच विकला आहे. त्यांच्या घरी सीडी लावायचं यंत्रच नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पिंपळपान, तुम्ही 'बावळट' लिहिलंत तेव्हा मला तो संच आठवला. म्हणून एवढं लागलं.

पिंपळपान

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचे साठेक धडे शिल्लक आहेत. नोव्हेंबरपासून गेलेला नाही, लाजेने. त्यालाही हे लागू होईल?

ओसाकाची_अनू

करार एका वर्षाचा असेल आणि मुदत संपली नसेल तर नक्की. उद्याच कागद बघायला सांगा. क्लासने टोलवाटोलवी केली तर ग्राहक केंद्राचा 188 नंबर लावायचा.

पिंपळपान

सोमवारी त्याच्यासोबत बसतो. लेखातला 'बावळट' काढतो आहे. 'लुटारू' राहील. 'फुकटात'वर विचार करतो, अजून पटलेलं नाही.

केळफूल

आणि 'गिऱ्हाईक निवडतं' याचं काय?

पिंपळपान

त्यावर आज माझ्याकडे उत्तर नाही.